गर्भवतीचा वध व अजात अपत्य

गर्भवतीचा वध व अजात अपत्य : गर्भवती स्त्रीचा खून झाला असता तिच्या उदरातील अपत्याच्या मृत्यूची दंडविधीने स्वतंत्र दखल घ्यावी की नाही, आणि घ्यावयाची झाल्यास ती मनुष्यवध म्हणून की निराळा अपराध म्हणून, हा विधिशास्त्रातील एक जुना आणि अद्यापही पुरता न सुटलेला प्रश्न होय. भारतात त्याचे उत्तर १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दिले व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तेच जवळजवळ शब्दशः पुढे चालविले. हे उत्तर मध्यम मार्गाचे आहे. उदरातील अपत्याचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हे. तथापि गर्भवतीवर केलेल्या प्राणघातक हल्ल्यात तिच्या उदरातील सजीव अपत्य मरण पावल्यास हल्लेखोर एका स्वतंत्र अपराधास पात्र होतो. खुनाच्या खटल्यात अशा प्रकारे एका मृतदेहाबरोबर दोन मृत्यूंचा हिशेब मांडला जाऊ शकतो. मात्र दुसरा मृत्यू पहिल्याच्या तोडीचा मानला जात नाही.

गर्भाच्या नाशास दंड सांगणारे नियम फार प्राचीन आहेत. बॅबिलोनियाच्या हामुराबीच्या संहितेत स्वतंत्र नागरिकाच्या कन्येस मारहाण करून तिचा गर्भ पाडणाऱ्यास दहा शेकेल चांदीचा दंड सांगितला असून, ती स्त्रीच मेल्यास मारणाऱ्याच्या मुलीला ठार करावे, असे म्हटले आहे. गर्भाची किंमत चांदीत व स्त्रीची किंमत दुसऱ्या एका निरपराध स्त्रीच्या प्राणांत, असा हा न्याय. कौटिलीय अर्थशास्त्रात गर्भपात कोणत्या मार्गाने घडविला यावरून दंडाची प्रतवारी केलेली आढळते : प्रहाराने गर्भ पाडल्यास उत्तम साहसदंड, औषधाने पाडल्यास मध्यम व छळामुळे गर्भ पडल्यास प्रथम साहसदंड. शस्त्राघात आणि गर्भपातन या दोहोंना याज्ञवल्क्यस्मृतीतही उत्तम दंड आहे. देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरलेली स्त्री गर्भवती असेल, तर प्रसूतीनंतर एक महिना लोटेपर्यंत शिक्षा थांबवावी, असेही कौटिल्य सांगतो. मातेचा अपराध अपत्याच्या माथी मारू नये, हा विचार पुढे आधुनिक फौजदारी प्रक्रिया संहितेतही आला. १९७३ च्या संहितेच्या कलम ४१६ अन्वये गर्भवतीची फाशी पुढे ढकलणे उच्च न्यायालयावर बंधनकारक होते. २००८ च्या दुरुस्तीने ती शिक्षा जन्मठेपेत बदलणेच बंधनकारक केले.

धर्मशास्त्रात दंडापेक्षा पापाचा विचार अधिक. ‘भ्रूणहन्’ हा शब्द महापातक्यांच्या पंक्तीत येतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ‘अविज्ञात’ गर्भाचा नाश करणाऱ्यास ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. टीकाकार हा गर्भ ब्राह्मणाचा समजतात आणि ‘अविज्ञात’ म्हणजे तो मुलाचा की मुलीचा हे न कळलेला, असा अर्थ करतात. मुलगा असण्याचा संभव असल्यामुळे त्याला पूर्ण संरक्षण, असा हा युक्तिवाद आहे. तो वाचताना आधुनिक वाचकाला, विशेषतः बीड जिल्ह्यातील वाचकाला, खटकल्यावाचून राहणार नाही; कारण गर्भाचे लिंग ‘विज्ञात’ करण्याचे साधन हाती येताच त्या संरक्षणाचे काय झाले, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

गर्भवती मरण पावल्यास तिच्या दहनाचा विधी काय असावा, याचाही विचार सूत्रकारांनी केला. बौधायन पितृमेधसूत्रानुसार स्मशानात तिचे उदर छेदून अपत्य बाहेर काढावे. ते जिवंत असल्यास त्यास स्नान घालून घरी आणावे. विधीच्या या निष्ठुर वाटणाऱ्या तपशिलामागे देह दोन आहेत, त्यांचे मार्गही वेगळे आहेत, ही स्पष्ट जाणीव होती. दंडविधीला ती स्वीकारावयास बराच काळ लागला.

इंग्रजी विधीची परंपरा : इंग्लंडच्या रूढिविधीत खुनाचा बळी हा जिवंत जन्मलेला मनुष्यच असावा लागे. सर एडवर्ड कोक याने सतराव्या शतकात हा नियम मांडला : गर्भात जीव धरलेल्या अपत्याचा उदरातच नाश करणे हा मोठा अपराध खरा, पण खून नव्हे, मात्र ते जिवंत जन्मून मागाहून त्या इजेमुळे मेले, तर तो खून. या नियमाचे मूळ पुराव्याच्या अडचणीत आहे, असे अनेकांचे मत आहे. अपत्य आघातापूर्वी जिवंत होते की नाही, हे त्या काळच्या वैद्यकाला सांगताच येत नसे. १८०३ च्या लॉर्ड एलेनबरोच्या कायद्याने गर्भपातास वैधानिक गुन्हा ठरविले; परंतु जन्मास येण्यापूर्वीच्या सक्षम अपत्याचा नाश हा स्वतंत्र गुन्हा इंग्लंडमध्ये १९२९ च्या अर्भक जीवितरक्षण अधिनियमाने प्रथम निर्माण झाला, आणि त्यातही अपत्याला मारण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो.

जन्माचा हा उंबरठा किती निर्णायक ठरतो, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९७ मध्ये निकालात काढलेल्या एका प्रकरणावरून दिसून येते. एका पुरुषाने आपल्या गर्भवती सहचारिणीला भोसकले. ती वाचली, परंतु अपत्य अकाली जन्मले आणि सुमारे चार महिने जगून मरण पावले. न्यायमूर्तींनी हा खून मानला नाही. सदोष मनुष्यवध मात्र होऊ शकतो, असे ठरविले. तेच अपत्य उदरातच मेले असते, तर मनुष्यवधाचा प्रश्नच उद्भवला नसता.

भारतीय दंडसंहितेतील तरतुदी : मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेला मसुदा अनेक फेरफारांनंतर १८६० मध्ये संमत झाला व १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला. सदोष मनुष्यवधाची व्याख्या करणाऱ्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणाने इंग्रजी नियम स्वीकारला, पण थोडा सैल करून. उदरातील अपत्याचा मृत्यू घडविणे हा मनुष्यवध नव्हे. तथापि अपत्याचा कोणताही भाग बाहेर आला असेल, तर ते श्वास घेण्यापूर्वी किंवा पूर्ण जन्मण्यापूर्वी मारले गेले तरी तो सदोष मनुष्यवध होऊ शकतो. म्हणजे जन्म पूर्ण होण्याची वाट भारतीय विधी पाहत नाही. जन्मास प्रारंभ झाला की पुरे.

त्यापलीकडच्या सर्व अपराधांची व्यवस्था कलम ३१२ ते ३१८ यांत केलेली होती. स्त्रीच्या संमतीने गर्भपात करविणे (कलम ३१२) याला तीन वर्षांपर्यंत व गर्भात जीव धरलेला असल्यास सात वर्षांपर्यंत कारावास. संमतीवाचून केल्यास (कलम ३१३) जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास. गर्भपाताच्या प्रयत्नात स्त्री मरण पावल्यास (कलम ३१४) दहा वर्षांपर्यंत कारावास आणि तिची संमती नसल्यास जन्मठेपही. अपत्य जिवंत जन्मू नये अशा हेतूने केलेल्या कृत्यास (कलम ३१५) दहा वर्षांपर्यंत कारावास. या सर्वांपासून वेगळे आणि येथील विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते कलम ३१६.

हे कलम थोडक्यात असे : ज्या कृत्याने मृत्यू घडला असता तर करणारा सदोष मनुष्यवधाचा अपराधी ठरला असता, असे कृत्य करून जो सजीव अजात अपत्याचा मृत्यू घडवितो, त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास व द्रव्यदंड. कलमाखालील उदाहरणात हल्ला झालेली स्त्री जखमी होते पण वाचते आणि उदरातील अपत्य मात्र मरते. यावरून हे कलम फक्त स्त्री वाचली असतानाच लागू होते, असा समज होणे शक्य आहे. पण कलमाच्या शब्दांत तशी अट नाही, आणि मातेच्या खुनाबरोबर या कलमाखालीही न्यायालयांनी दोषसिद्धी केलेली आहे. कलमाची खरी ताकद हेतूच्या बाबतीत आहे. अपत्याला मारण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही; मातेच्या संबंधातील दोषी मनोवृत्ती पुरेशी ठरते. गर्भवतीच्या जिवावर उठणारा मनुष्य तिच्या उदरातील जीवाविषयी मला काही करावयाचे नव्हते, असा बचाव घेऊ शकत नाही. इंग्लंडच्या १९२९ च्या अधिनियमाहून हे कलम सात दशके जुने असूनही या मुद्यावर अधिक समंजस आहे, असे म्हणावे लागते.

त्याची दुर्बलता ‘सजीव’ या विशेषणात आहे. मूळ इंग्रजी शब्द गर्भाची हालचाल मातेला जाणवू लागण्याच्या अवस्थेचा द्योतक असून ती अवस्था साधारणतः सोळाव्या ते विसाव्या आठवड्यात येते. मराठीत ‘पोटात मूल फिरू लागले’ असे म्हणतात, ते हेच. आज ध्वनातीत लहरींच्या चित्रणाने गर्भाच्या हृदयाचे स्पंदन सहाव्या-सातव्या आठवड्यापासून दिसू शकते. पण कलमाची भाषा मातेच्या अनुभवावर उभी आहे, आणि खुनाच्या खटल्यात तो अनुभव सांगणारी व्यक्ती हयात नसते. मग प्रश्न शवविच्छेदनावर येऊन ठेपतो. गर्भाचे वय त्याच्या लांबीवरून काढण्याचा हासे याचा नियम न्यायवैद्यकात रूढ आहे : पाचव्या महिन्यापर्यंत सेंटिमीटरमधील लांबीचे वर्गमूळ म्हणजे महिने, आणि त्यानंतर लांबीला पाचाने भागून येणारी संख्या म्हणजे महिने. सोळा सेंटिमीटरचा गर्भ चार महिन्यांचा, पस्तीस सेंटिमीटरचा सात महिन्यांचा. जन्मलेल्या अर्भकाने श्वास घेतला होता की नाही, यासाठी फुप्फुस पाण्यावर तरंगविण्याची जुनी कसोटी आहे. उदरातच मेलेल्या गर्भाबाबत ती निरुपयोगी ठरते. म्हणून मरणोत्तर पंचनाम्यात गर्भावस्थेची नोंद न झाल्यास किंवा शवविच्छेदनाच्या अहवालात गर्भाची लांबी व स्थिती न लिहिल्यास कलम ३१६ चा दोषारोप तेथेच निर्जीव होतो.

कलमांचा प्रत्यक्ष वापर : एकोणिसाव्या शतकात ही कलमे गर्भवतीच्या रक्षणार्थ वापरली गेली त्याहून कितीतरी अधिक वेळा गर्भवतीविरुद्धच वापरली गेली. पुनर्विवाहाला बंदी असलेल्या जातींतील विधवेला दिवस गेल्यास गर्भपात, अर्भकवध किंवा देशत्याग एवढेच मार्ग उरत. पुरुष नामानिराळा राही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते या परिस्थितीत. १८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती अपिलात काळ्या पाण्याच्या शिक्षेत बदलली व पुढे आणखी कमी करण्यात आली. या खटल्यावरील वृत्तपत्री चर्चेने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये स्त्रीपुरुषतुलना हा निबंध प्रसिद्ध केला. अपत्याचा कैवार घेणाऱ्या कायद्याची पहिली आरोपी माता ठरते, हा अनुभव महाराष्ट्राला दीडशे वर्षांपूर्वी आला होता. गर्भाला स्वतंत्र बळी मानण्याविषयीच्या कोणत्याही चर्चेत तो विसरून चालणार नाही.

मराठवाड्यात या संहितेचा प्रवेश उशिरा झाला. उमापूर हे गाव ज्या गेवराई तालुक्यात मोडते तो तालुका व एकूण बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५१ च्या ‘ब’ गट राज्ये (कायदे) अधिनियमान्वये १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता तेथे लागू झाली. गेवराईच्या शेजारचा, पूर्वी ब्रिटिश मुलखात असलेला अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा तेव्हा नव्वद वर्षे त्या संहितेखाली वावरत होता.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भसमापन अधिनियमाने (→ गर्भपात) चित्र बदलले. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारलेला हा अधिनियम १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. विहित मर्यादेत, नोंदणीकृत वैद्याकडून आणि स्त्रीच्या संमतीने केलेले गर्भसमापन अपराध राहिले नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा वीसवरून चोवीस आठवड्यांवर नेली. स्त्रीच्या इच्छेने होणारे समापन आणि तिच्या इच्छेविरुद्ध होणारा नाश यांतील भेद यामुळे विधीत स्पष्ट झाला, आणि कलम ३१३ व ३१६ यांना त्यांचा खरा अर्थ लाभला : त्यांचा रोख गर्भवतीवर आघात करणाऱ्यांकडे वळला.

नाशिकचा खटला : कलम ३१६ चा महाराष्ट्रातील अलीकडचा व सर्वांत गाजलेला उपयोग नाशिक येथील एका खटल्यात झाला. जातीबाहेर विवाह केलेल्या एका तरुणीला तिच्या पित्याने २८ जून २०१३ रोजी आप्ताच्या गंभीर आजाराची बतावणी करून सासरहून नेले आणि तिचा गळा आवळून खून केला. ती नऊ महिन्यांची गरोदर होती. नाशिकच्या सत्र न्यायालयाने पित्याला खून, खुनासाठी अपहरण आणि कलम ३१६ अन्वये सजीव अजात अपत्याचा मृत्यू घडविणे या अपराधांसाठी दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कायम केली. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी तशीच ठेवून फाशीऐवजी वीस वर्षे सक्तमजुरीची, मुदतीत सूट नसलेली शिक्षा सांगितली. आरोपीची पूर्वी कसलीही गुन्हेगारी पार्श्वभूमी नसणे, दारिद्र्य व उपेक्षेत गेलेले बालपण आणि तुरुंगातील वर्तन यांचा विचार करून हे प्रकरण ‘विरळात विरळ’ या कसोटीला उतरत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

या खटल्याचे सामाजिक पडसाद विधिविषयक चर्चेपेक्षा मोठे होते. जातपंचायतीच्या दहशतीकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याच वर्षी नाशिकपासून जातपंचायतविरोधी मोहीम हाती घेतली. आणि सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम जुलै २०१७ मध्ये अंमलात आला. विधिदृष्ट्या मात्र या खटल्यातून एक मर्यादाही उघड होते. कलम ३१६ ची शिक्षा खुनाच्या शिक्षेत विरून जाते. आरोपीला भोगावयाच्या काळात तिने प्रत्यक्ष भर पडतेच असे नाही. मग त्या कलमाचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. तो निरर्थक नाही. पण निकालपत्रात दुसऱ्या मृत्यूची नोंद होणे, त्यावर पुरावा घेतला जाणे आणि शिक्षेचे प्रमाण ठरविताना तो न्यायाधीशांसमोर असणे यांचे मूल्य केवळ वर्षांच्या बेरजेत मोजता येत नाही.

नाशिकच्या प्रकरणात गर्भ पूर्ण वाढीचा होता, म्हणून कलम लागू होण्यास अडचण पडली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात लाडगाव शिवारात घडलेल्या घटनेत परिस्थिती वेगळी होती. स्वेच्छेने विवाह केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा तिच्या भावाने आईच्या साहाय्याने शिरच्छेद केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ती सुमारे दोन महिन्यांची गर्भवती असल्याचे सांगण्यात आले. इतक्या अल्प अवधीच्या गर्भाला कलमाच्या भाषेतील ‘सजीव’ म्हणणे कठीण. गर्भपाताची कलमेही उपयोगी पडत नाहीत. कारण तेथे गर्भपात झालेलाच नसतो, माता व गर्भ एकत्रच संपतात. अशा प्रकरणात त्या दुसऱ्या हानीला दंडविधीत नावच उरत नाही. गर्भावस्थेला गुन्ह्याचे गांभीर्य वाढविणारी गोष्ट मानून ही उणीव भरून काढता आली असती. बलात्काराच्या बाबतीत विधीने तसे केले आहे : १९८३ च्या दुरुस्तीपासून गर्भवतीवर, ती गर्भवती आहे हे ठाऊक असताना, केलेल्या बलात्काराला अधिक कडक शिक्षा आहे. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतील एका पाच महिन्यांच्या गर्भवतीवरील अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालून २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली, त्यात ही तरतूद लागू झाली होती. खुनाच्या व्याख्येत अशी श्रेणी नाही. तेथे गर्भावस्थेचा विचार शिक्षा ठरविताना न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेला आहे.

अमेरिकेतील वेगळी वाट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विधीने याच्या उलट दिशा धरली. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कीलर प्रकरणात गर्भ हा खुनाच्या कायद्यापुरता ‘मनुष्य’ नव्हे असा निर्णय देताच तेथील विधिमंडळाने त्याच वर्षी खुनाच्या व्याख्येत ‘किंवा गर्भ’ हे शब्द घातले. मातेच्या संमतीने झालेला गर्भपात मात्र वगळला. २००२ मध्ये त्याच राज्यात आठ महिन्यांच्या गर्भवतीच्या झालेल्या खुनामुळे मोठी खळबळ उडाली. तिच्या पतीला २००४ मध्ये पत्नीच्या पहिल्या दर्जाच्या व अजात पुत्राच्या दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले. त्याच वर्षी संमत झालेल्या संघीय अधिनियमाने, संघीय गुन्ह्यांपुरते, गर्भाला कोणत्याही अवस्थेत स्वतंत्र बळी मानले. गर्भपात, वैद्यकीय उपचार आणि स्वतः माता यांना त्यातून वगळले.

अशी सूट सर्वच राज्यांच्या कायद्यांत तितकी स्पष्ट नव्हती. त्याचा परिणाम इंडियाना राज्यात एका भारतीय वंशाच्या स्त्रीला भोगावा लागला. गर्भवतींवर हल्ला करणाऱ्यांसाठी केलेल्या भ्रूणहत्येच्या कायद्याखाली तिलाच, स्वतःचा गर्भपात केल्याच्या आरोपावरून, २०१५ मध्ये दोषी ठरवून वीस वर्षांची शिक्षा देण्यात आली. विधिमंडळाला असा वापर अभिप्रेत नव्हता, असे सांगून तेथील अपील न्यायालयाने २०१६ मध्ये भ्रूणहत्येची दोषसिद्धी रद्द केली. सुरतेच्या विजयालक्ष्मीपासून हे प्रकरण फार दूरचे नाही. भारतीय कलम ३१६ ची आखूड वाटणारी रचना या तुलनेत अधिक सुरक्षित ठरते. कारण ते गर्भाला ‘व्यक्ती’ करीत नाही, मातेवरील आघाताच्याच मापाने अपराध मोजते, आणि म्हणून मातेवर उलटविण्यास कठीण आहे.

बीड जिल्ह्याचा संदर्भ : बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती, ती २०११ मध्ये ८०७ वर आली. राज्याचे प्रमाण त्या वर्षी ८९४ होते. गर्भलिंगनिदानाच्या नियमनाचा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा अधिनियम १९९४ चा. तरीही हे घडले. मे २०१२ मध्ये परळी वैजनाथ येथील एका खाजगी रुग्णालयात, आधीच्या सर्व मुली असलेली एक गर्भवती गर्भपाताच्या वेळी मरण पावली आणि तेथील व्यवहार उघडकीस आला. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला व मृत स्त्रीच्या पतीला दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे अशाच मृत्यूच्या तपासात पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले.

ही प्रकरणे गर्भवतीच्या खुनाहून विधीच्या दृष्टीने निराळी आहेत. परंतु मृत्यूंची जोडी तीच आहे. खुनाच्या खटल्यात स्त्रीला मारताना अपत्य मारले जाते; येथे कन्या म्हणून अपत्य मारताना स्त्री मरते. संमती नावापुरती असते. चौथ्या-पाचव्या मुलीच्या भीतीने सासरच्या दबावाखाली दिलेला होकार कितपत संमती मानावा, हे ठरविणे न्यायालयांनाही अवघड जाते, आणि कलम ३१३ व ३१४ मधील शिक्षेचा सारा फरक तर त्या एका शब्दावर अवलंबून आहे. १९९४ च्या अधिनियमाने गर्भलिंगनिदान करविणाऱ्या स्त्रीवर तसे करण्यास पतीने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले, असे गृहीत धरून तिला दायित्वातून मोकळे केले आहे. दंडसंहितेच्या कलमांत असे कोणतेही गृहीतक नाही. उलट, स्वतःचा गर्भपात करविणारी स्त्री कलम ३१२ च्या स्पष्टीकरणानुसार अपराधी ठरते.

भारतीय न्याय संहितेत ही कलमे नव्या क्रमांकांनी आली आहेत : कलम ३१२ ते ३१६ यांची जागा कलम ८८ ते ९२ यांनी घेतली असून सदोष मनुष्यवधाची व्याख्या, तिच्या तिसऱ्या स्पष्टीकरणासह, कलम १०० मध्ये आहे. ‘सजीव’ या शब्दाची व्याख्या नव्या संहितेतही केलेली नाही, आणि स्वतःचा गर्भपात करविणाऱ्या स्त्रीविषयीचे स्पष्टीकरण कलम ८८ खाली जसेच्या तसे आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागू राहते. त्यामुळे कलम ३१६ आणि कलम ९२ ही दोन्ही न्यायालयांच्या दोषारोपपत्रांत आणखी काही वर्षे शेजारी शेजारी दिसत राहतील.